मेडिकलवाल्याने केलेलं निदान

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३३, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. लग्नाला दहा वर्षं झाली, आठ वर्षांची मुलगी आहे. नवरा चाकणला कंपनीत; तिकडे चौघांत खोली घेऊन राहतो आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी येतो. तीन महिन्यांपासून तिच्या अंगावरून पिवळसर जातं, वास येतो, ओटीपोटात दुखतं. संबंधानंतर दोन वेळा रक्ताचा डाग दिसला. गावातल्या डॉक्टरांनी न तपासता सेफिक्झिम, मेट्रोनिडॅझोल आणि डॉक्सिसायक्लिन लिहून दिली आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'दोघांनी घेणे' असं लिहिलं. मेडिकलमधला मुलगा पाकीट देताना हळूच म्हणाला, "वहिनी, ही गुप्तरोगाची औषधं आहेत." नवरा म्हणतो, "मला काही त्रास नाही, कंपनीच्या तपासणीत सगळं नॉर्मल आलंय, मी कशाला गोळ्या खाऊ?" त्याचं पाकीट कपाटात तसंच पडून आहे. हिने स्वतःच्या गोळ्या मळमळतं म्हणून चार दिवसांत बंद केल्या. सासू म्हणते उष्णता आहे, जाऊ म्हणते पिशवी काढून टाक. पत्राच्या शेवटी तीन प्रश्न आहेत. नवरा बाहेर जातो हे यावरून सिद्ध होतं का? पुरुषाला हा रोग असला तर तो दिसतो कसा? आणि आधी कोणाला झाला हे तपासणीत कळतं का?

ताई,

आधी त्या मेडिकलमधल्या मुलाचं बघू. तुमच्या घरात महिनाभर जे धुमसतंय त्याची काडी त्याने टाकली आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

औषधाच्या नावावरून रोग ओळखता येत नाही. डॉक्सिसायक्लिन घ्या. मुंबईत पाणी तुंबलं की त्यातून चालत गेलेल्या लोकांना लेप्टो होऊ नये म्हणून महापालिकेचे दवाखाने हीच गोळी देतात. कॉलेजातल्या पोरांना तोंडावरच्या मुरमांसाठीही हीच मिळते. मेट्रोनिडॅझोल तर आव पडली की घरोघरी घेतली जाते. सेफिक्झिम टायफॉइडला देतात. ही तिन्ही एकत्र दिली की ओटीपोटातल्या संसर्गाचा उपचार होतो, आणि तुमच्या डॉक्टरांच्या मनात तेच असणार. पण त्यांनी तुम्हाला तपासलं नाही, नमुना घेतला नाही. म्हणजे त्यांच्याकडेही अंदाजच होता. त्या अंदाजावर मेडिकलच्या मुलाने शिक्का मारला, आणि त्या शिक्क्यावरून तुम्ही नवऱ्याच्या विरोधात निकाल लावायला बसला आहात. मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या गेल्या.

डॉक्टरांनी हे केलं ते अगदीच मनमानी नव्हे, हेही सांगते. लक्षणांचा गट बघून औषध द्यायची पद्धत सरकारी कार्यक्रमातही आहे. लक्षणानुसार वेगवेगळ्या रंगांची किट ठरलेली असतात, करडं, हिरवं, पिवळं अशी. यामागचा विचार साधा होता. प्रयोगशाळा तालुक्याला, बाई वाडीवर. नमुना घेऊन 'रिपोर्टला या' म्हटलं तर ती परत येत नाही. मग आली आहे तेव्हाच औषध हातात द्या. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल किंवा जखम असेल, तर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. बायकांच्या अंगावरून जाण्याच्या बाबतीत मात्र ती लंगडी पडते. कारण अंगावरून जाणाऱ्या कितीतरी बायकांना लैंगिक संसर्ग नसतोच, आणि ज्यांना असतो त्यांतल्या बऱ्याच जणींच्या अंगावरून काही जात नाही. 'दोघांनी घेणे' हे त्या पद्धतीतलं खबरदारीचं वाक्य आहे. त्यात आरोप नसतो.

आता तुमच्या त्रासाकडे येऊ. मी तीस वर्षं स्त्रीरोगाच्या ओपीडीत काढली. तिथे 'पांढरं जातं' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की नुसत्या त्या वाक्यावरून मी काहीच ठरवत नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट जाणं हा आजार नाही. दह्याच्या गुठळ्यांसारखं घट्ट, सोबत जीव नकोसा करणारी खाज, वास नाही, असं असेल तर बहुधा बुरशी. ती मधुमेहात होते, अँटिबायोटिक घेतल्यावर होते, गरोदरपणात होते, नवरा साधुपुरुष असला तरी होते. पातळ, राखाडी आणि खराब मासळीसारख्या वासाचं असेल तर योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल गेलेला असतो. तोही नेमक्या अर्थाने 'बाहेरून आणलेला' रोग नव्हे. पिवळं-हिरवं, फेसाळ, वासाचं, आणि आतून जळजळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची शंका येते. तो मात्र संबंधातूनच येतो. आणि पिशवीच्या तोंडाशी गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हे संबंधातून येणारे संसर्ग असतील तर कधी पिवळट चिकट स्राव दिसतो, कधी काहीच दिसत नाही. हे रंग मी सांगतेय खरे, पण आरशासमोर उभं राहून त्यावरून निदान करू नका. डॉक्टरसुद्धा फक्त डोळ्यांनी बघून बरेचदा चुकतात.

तुमच्या पत्रात पिवळ्या रंगापेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टींनी थांबवलं. संबंधानंतरचं रक्त आणि ओटीपोटातलं दुखणं. संबंधानंतर रक्त दिसलं तर पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघितलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. तिथे संसर्गाची सूज असू शकते, साधा कोंब असू शकतो, क्वचित कॅन्सरच्या आधीचे बदलही असू शकतात, आणि हे शेवटचं वेळेत सापडलं तर सहज आवरतं. दुखण्याचं म्हणाल तर खालचा संसर्ग वर गर्भनलिकांपर्यंत चढला की असं दुखतं. तो तसाच राहिला तर नलिका बुजतात, पुढे मूल राहायला अडचण येते किंवा गर्भ नलिकेत राहतो. पाळी लांबली असेल तर कोणतीही गोळी घेण्याआधी गरोदरपणाची चाचणी करून घ्या. ताप, उलट्या, चालताना पोटात कळ येणं किंवा चक्कर, यातलं काही झालं तर पुढच्या शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आतून तपासणी म्हटलं की बायका अंग चोरतात. डॉक्टरही कधी गर्दी म्हणून, कधी बाई संकोचेल म्हणून टाळतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ते निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभर चर्चा झाली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. इतक्या वर्षांनी आकडे बदलले असतील, पण न तपासता लिहिलेली तुमची चिठ्ठी मला त्या ८ टक्क्यांची आठवण करून देते.

जावेच्या सल्ल्याबद्दल एवढंच: अंगावरून जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या अशाच तक्रारींवर काढल्या गेल्या. २०१९ मध्ये ते प्रकरण गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. संसर्गावर औषध असताना अवयव कशाला द्यायचा?

तपासणीत नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. टेबलावर झोपवून योनीत एक उपकरण घालतात. बायका त्याला चिमटा म्हणतात, पण ते चिमटत नाही. योनीच्या भिंती बाजूला करून आत बघायला वाट करतं, इतकंच. अंग सैल सोडलं तर दोन मिनिटांचं काम. कापसाच्या काडीवर स्राव घेतात. त्याचा आम्लपणा कागदी पट्टीवर कळतो: बुरशीत तो नेहमीसारखा राहतो, जंतूंचा तोल गेला असेल किंवा ट्रायकोमोनास असेल तर बिघडतो. मग काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात तो स्राव मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बघायचा. इथे 'लगेच'ला महत्त्व आहे. ट्रायकोमोनास असेल तर शेपट्या असलेले छोटे जीव धक्के खात, अडखळत पोहताना दिसतात. ओपीडीतल्या नव्या डॉक्टर मुलींना मी ते दाखवायचे तेव्हा त्या भिंगावरून मान वरच काढत नसत. पण काचपट्टी अर्धा तास ट्रेमध्ये पडून राहिली की ते हलायचे थांबतात, मग ते शेजारच्या पांढऱ्या पेशींसारखेच दिसतात आणि रिपोर्ट येतो 'आढळले नाहीत'. म्हणून जिथे दवाखान्यातच सूक्ष्मदर्शक आहे तिथे दाखवणं केव्हाही बरं.

क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी पीसीआर जातीची तपासणी सगळ्यांत भरवशाची. कोविडमुळे हा शब्द आता घराघरात पोचलाय, तर तीच पद्धत. काडी फक्त दुसरीकडे जाते. ही काडी बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते, आणि स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या इतकाच चांगला ठरतो. हे मी मुद्दाम लिहितेय ते लग्न न झालेल्या मुलींसाठी. त्यांची पत्रं मला येतात: डॉक्टर आधी 'लग्न झालंय का' विचारतात आणि 'नाही' म्हटलं की विषयच संपवतात. मुलींनो, 'माझे संबंध आलेले आहेत, मला तपासणी हवी आहे' एवढं एक वाक्य घरून पाठ करून जा. पुढचा प्रश्न डॉक्टरांचा.

आता तुमच्या नवऱ्याचं 'सगळं नॉर्मल'. ते खोटं बोलताहेत असं नाही, पण त्या रिपोर्टला या विषयातलं काहीच माहीत नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन, साखर, छातीचा एक्स-रे, डोळे, कान आणि साधी लघवी बघतात. लैंगिक संसर्ग त्यात कोणी शोधत नाही. 'रक्त तपासलं की सगळं कळतं' हाही समज मोडायला हवा. रक्तात एचआयव्ही, उपदंश आणि हिपॅटायटिस बी सापडतो. गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास रक्तात शोधत नाहीत. ते लघवीत किंवा स्रावात शोधायचे असतात.

'मला काही त्रास नाही' हे त्यांचं वाक्यही पूर्ण खरं असू शकतं, आणि तरीही त्यांना संसर्ग असू शकतो. पुरुषाला गोनोरिया झाला तर बहुतेक वेळा तो लपत नाही. दोन ते सात दिवसांत लघवीला आग होते आणि लघवीच्या जागेतून पिवळा पू येतो, चड्डीला डाग पडतात. आपल्याकडे जुनी माणसं यालाच परमा म्हणत. क्लॅमिडिया मात्र अंग चोरून राहतो. सकाळी लघवीआधी एखादा पाण्यासारखा थेंब, थोडी खाज, नाहीतर काहीच नाही. तशा अवस्थेत तो महिनोन्महिने राहतो आणि संबंधातून पुढे जातो. पुरुषातला ट्रायकोमोनास तर बहुधा मुकाच. एका बाजूचं वृषण सुजून दुखायला लागलं तर संसर्ग तिथपर्यंत पोचल्याची शंका घ्यायची. तरुण मुलाला हे अचानक, काही तासांत झालं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे रात्री-अपरात्री दवाखान्यात पळायचं.

उपदंश, म्हणजे गरमी, याची तऱ्हा आणखी निराळी. संबंधानंतर सरासरी तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनीही, एक जखम उठते. स्वच्छ, कडक काठाची आणि अजिबात न दुखणारी. जांघेत अवधाण येतं, तेही दुखत नाही. काही आठवड्यांत जखम आपोआप भरून येते आणि माणूस म्हणतो, गेलं. गेलेलं नसतं. पुढे तळहात-तळपायांवर चट्टे येतात, तेही जातात, आणि मग वर्षानुवर्षं शांतता. बाईला हीच जखम पिशवीच्या तोंडावर झाली तर तिला ती कधी दिसतच नाही. याउलट दुखरे, पाण्याने भरलेले, घोळक्याने उठणारे फोड म्हणजे बहुधा हर्पिस, आणि मऊ, कोंबासारख्या चामखिळी म्हणजे एचपीव्ही. हे दोन्ही विषाणू.

पुरुष वाचकांसाठी एक आडवळण घेते. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर 'धात जाणे, स्वप्नदोष, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असं एका दमात लिहिलेलं असतं. पहिले दोन रोगच नाहीत. तिसरा खराच रोग आहे, आणि त्याला खानदानी पुडी चालत नाही. दुकानातून स्वतःच आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिनही नाही. गोनोरियाचे जंतू आपल्याकडे त्या गोळीला आता फारसे जुमानत नाहीत.

तुमच्या नवऱ्यासाठी तपासणी अगदी सोपी आहे, हे त्यांना सांगा. काडी नाही, सुई नाही, बाटलीत लघवी. फक्त एक मेख आहे. नेहमीच्या लघवीच्या तपासणीला सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायला सांगतात. इथे बरोबर उलटं. तासभर लघवी न करता मग पहिलीच धार, चार-पाच चमचे, बाटलीत धरायची. जंतू मूत्रनलिकेच्या तोंडाशी असतात आणि पहिल्या धारेबरोबर निघून जातात. सवयीने मधली धार दिली तर रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येऊ शकतो. लॅबमधला माणूस हे सांगायला विसरतो, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा. लघवीबरोबर एचआयव्ही, उपदंश (त्याच्या तपासणीला व्हीडीआरएल म्हणतात) आणि हिपॅटायटिस बीसाठी रक्तही द्यावं. दोघांनीही.

तारखांचं गणित इथे आड येतं. काल संबंध आला आणि आज रक्त दिलं तर रिपोर्ट निगेटिव्ह येणारच. क्लॅमिडिया-गोनोरियाची तपासणी साधारण दोन आठवड्यांनंतर भरवशाची होते. उपदंशाची व्हीडीआरएल पहिले काही आठवडे गप्प राहू शकते. एचआयव्हीच्या नव्या पद्धतीच्या तपासणीला सहा-साडेसहा आठवडे पुरतात, बोटाच्या रक्तावरच्या रॅपिडला तीन महिने धरावेत. म्हणून आता एकदा आणि तीन महिन्यांनी परत, असं करा. आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तरी छाती धरून बसू नका: गरोदरपणात, मलेरियात, संधिवातासारख्या काही आजारांत ती खोटी पॉझिटिव्ह येते. टीपीएचए या उपदंशाच्याच दुसऱ्या रक्ततपासणीने खात्री करायची असते. उपदंश ठरलाच तर आजही साध्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

मोबाइलवर 'फुल एसटीडी पॅकेज'च्या जाहिराती येतात त्यांना भुलू नका. त्यात हर्पिसची आयजीएम ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते, जिचा उपयोग काडीचा नाही. तिचीच बहीण आयजीजी पॉझिटिव्ह येते ती पुष्कळदा लहानपणी ओठावर येऊन गेलेल्या जराची. युरियाप्लाझ्मासारख्या जंतूंची नावं असतात, जे धडधाकट माणसातही सापडतात. एकदा एक जोडपं माझ्याकडे असा पंधरा पानी रिपोर्ट घेऊन आलं होतं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलेले. त्या पंधरा पानांत उपचार करण्यासारखं काहीही नव्हतं, पण ती तोवर माहेरी निघून गेली होती.

आता तुमचा तिसरा प्रश्न. आधी कोणाला झालं हे सांगणारी तपासणी नाही. पीसीआर सांगते की जंतू आज आहे. कधी आला, कोणाकडून आला, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. बाईच्या शरीरात क्लॅमिडिया उपचाराविना वर्षभर किंवा त्याहून जास्त राहू शकतो, ट्रायकोमोनासही असाच मुक्काम ठोकतो, एचपीव्ही आणि हर्पिस तर लग्नाआधीचेही असू शकतात. ज्याला लक्षणं आधी दिसली त्यालाच आधी झालं, असंही नाही.

पण तुम्हाला खोटा दिलासा मी देणार नाही. उद्या तुमचा गोनोरियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तुमचा दुसऱ्या कोणाशी संबंध नसेल, तर तो हवेतून, संडासातून किंवा टॉवेलमधून आला असं मी म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क असेल. मात्र आज तुमच्या हातात तो रिपोर्ट नाही. बुरशी निघाली, किंवा जंतूंचा तोल गेलेला निघाला, तर महिनाभर तुम्ही ज्या माणसाशी अबोला धरलात त्याला काय सांगणार?

पत्रात एक वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय: "मी घरंदाज बाई, मला हा रोग कसा होईल?" या वाक्यानेच बायका तपासणीपासून लांब राहतात, ताई. जंतूला घराणं कळत नाही. आणि याच वाक्याची दुसरी बाजू अशी की ज्याला होतो तो वाईट चालीचा. मग तुमचा नवरा लघवीची बाटली हातात घेईल का? त्याच्या दृष्टीने ती बाटली हातात घेणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं. ते गोळ्यांना घाबरत नसतील, त्या अर्थाला घाबरत असतील. आणि खरंच काही घडलेलं असलं तर आणखीच.

तुमच्यापुढे वाटा तीन आहेत. थेट विचारायचं, 'तिकडे कोणी आहे का?' कोणी असलं तरी आणि नसलं तरी याचं उत्तर 'नाही' असंच येणार आणि तपासणी राहून जाणार. दुसरी, गप्प बसून एकटीने औषध घ्यायचं. संसर्ग खरा असेल तर तो पंधरा दिवसांनी शनिवारच्या गाडीने परत येईल. दोघांचा उपचार एकाच वेळी झाला नाही तर बॉलसारखा इकडून तिकडे फिरत राहतो. तिसरी, आधी तपासणी, बोलणं रिपोर्टनंतर. मी तिसरी घ्या म्हणेन. त्यांना असं काहीतरी म्हणा: "मला आतून संसर्ग झालाय, डॉक्टर म्हणाल्या की पुरुषाला काही दिसत नसलं तरी तपासावं लागतं, नाहीतर माझं बरं होणार नाही. मी दोष द्यायला आले नाही." हे खोटं नाही, या पत्रापुरती मीच डॉक्टर समजा. शक्य असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच त्यांना फोनवर दोन वाक्यं ऐकवा. बायकोचं न ऐकणारे पुरुष डॉक्टरांचं ऐकताना मी पुष्कळ पाहिलेत. वाईट वाटतं, पण चालवून घ्यायचं.

तोवर संबंध नकोत, किंवा निरोधशिवाय नकोत. 'नको' म्हटल्यावरही जबरदस्ती होत असेल तर तो मग संसर्गाचा विषय उरत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. आणि त्यांच्या नकळत त्यांची तपासणी करायचा विचार मनात असेल तर सोडा. एचआयव्हीची तपासणी तर माणसाच्या संमतीशिवाय करताच येत नाही, तसा २०१७ चा कायदाच आहे. तोच कायदा तुमचा रिपोर्टही गुप्त ठेवायला सांगतो.

गावात कळेल ही भीती रास्त आहे. तर गावात जाऊच नका. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, ते याच आजारांसाठी. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत मिळतं. एचआयव्हीसाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र, बहुधा त्याच आवारात असतं. जवळचं केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा, नाव सांगावं लागत नाही. खासगीत जायचं तर तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, आणि नवऱ्याने 'त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ' अशी पाटी असलेल्या डॉक्टरांकडे जावं. पाटीवर 'त्वचा' आधी असते, ते बरंच आहे. गजकर्ण दाखवायला गेलो असं सांगता येतं. त्यांना चाकणहून पिंपरी किंवा पुणे जवळ पडेल, ओळखीचं कोणी भेटायची शक्यताही कमी.

रिपोर्टनंतर लैंगिक संसर्ग ठरला तर दोघांनी औषध एकाच वेळी सुरू करायचं, पूर्ण करायचं, आणि संपेपर्यंत, एका डोसाचं असेल तर पुढचे सात दिवस, संबंध टाळायचे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आधी घाई नको. औषधानंतर तीन-चार आठवडे पीसीआर मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊनही त्यांचा निगेटिव्ह आला तरी औषध दोघांनाच. आणि काही निघालं नाही, साधी बुरशी निघाली, तर त्यांच्या पाकिटाची गरजच उरणार नाही. पिशवीच्या तोंडाची तपासणी मात्र निकाल काहीही लागला तरी करून घ्या.

जाताना एवढं सांभाळा. पाळीचे दिवस टाळा, पण दुखणं वाढलं तर पाळी असली तरी जा. आदल्या दिवशी आतून धुऊ नका, जाहिरातीतलं वॉश तर नकोच. तपासायचा स्राव त्यातच निघून जातो. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून घ्या. चार दिवस गोळ्या घेऊन सोडल्या हे न लाजता सांगा, त्यावर नमुना आज घ्यायचा की थांबून, हे ठरतं. उरलेल्या गोळ्या आता मनाने सुरू करू नका. मळमळत असेल तर डॉक्टर बदलून देतील. आणि कपाटातलं ते न फोडलेलं पाकीट फेकू नका, चिठ्ठीसकट पिशवीत टाका. डॉक्टरांना एका नजरेत कळेल की आधी काय अंदाज केला गेला होता.